पुढच्या टोकावरचं वजन

आमच्या भाऊजींना सगळे कप्तान म्हणतात, आणि ती थट्टा आहे हे त्यांना अजून कळलेलं नाही. कचेरीत हेडक्लार्क असताना आपलं काम शेजारच्या टेबलावर ढकलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. निवृत्त झाल्यावर या गृहस्थांनी एक छोटी मोटरबोट घेतली आणि ती सजवायला काढली.

सजवली म्हणजे काय, तर जे जे जड ते सगळं मागे. मागे इंजिन होतंच, तेही गरजेपेक्षा मोठं. त्याला खेटून बॅटऱ्या, पेट्रोलची टाकी, बर्फाची पेटी आणि एक गुबगुबीत फिरती खुर्ची. खुर्चीत स्वतः भाऊजी. तो ऐवजही काही हलका नाही. पहिल्याच फेरीत बोटीचं नाक एवढं वर गेलं की कप्तानांना समोर आभाळाशिवाय काही दिसेना.

"अहो, बॅटऱ्या आणि टाकी पुढे न्या ना," माझी ताई म्हणाली. जन्मभर दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या तिनेच वागवल्या होत्या.

"वायरी लांबवाव्या लागतील. तुला काय कळतंय त्यातलं? तू जाऊन बस पुढे."

ताई पुढे बसली, नाक खाली आलं, आणि भाऊजींनी मिशीवरून हात फिरवला. मग दर रविवारी तेच. उघड्या टोकावर ताई लाटेगणिक आपटायची, नखशिखांत भिजायची. तिची कंबर धरली.

"अंगावर घ्यायला काही आहे का हो बोटीत?" तिने एकदा विचारलं.

"बोटीत फालतू वजन ठेवायचं नसतं. आणि हलू नकोस, तोल जातो."

असल्या माणसाला मी भाऊजी म्हणते, याची मला लाज वाटते.

शेवटी ताईने जुन्या गादीच्या कापडाच्या पिशव्या शिवल्या. आम्ही दोघींनी त्यांत वाळू भरली, त्या हातगाडीवरून धक्क्यावर नेल्या आणि बोटीत तिच्या जागी रचल्या.

"ही बसेल आता पुढे. हिची कंबर दुखत नाही," ती म्हणाली आणि धक्क्यावरच्या बाकावर जाऊन बसली.

मला वाटलं, आता तरी हा माणूस शरमेल. भाऊजींनी पिशव्या दाबून पाहिल्या, खूश झाले. मग खुर्चीखालून एक कोरी करकरीत ताडपत्री काढून त्यांनी पिशव्यांवर घातली आणि चारही कोपरे नीट खोचले.

"वाळू भिजली तर जड होते," त्यांनी मला समजावलं.

ताई बाकावरून बघत होती.

"ताडपत्री होती तर," ती म्हणाली.