बिनगार्डाची बोट

टीव्हीवरची बोट धक्का सोडून निघाली की आमच्या शेजारचे गार्डसाहेब सोफ्यावर बसल्या बसल्या उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा, अगदी सरळ धरायचे. न हलवता. बोट पाण्यात पुरती वळेपर्यंत तसाच. मग "आलराइट" म्हणायचे आणि त्याच हातानं चहाची बशी उचलायचे.

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, खांदा आखडला. आमच्या हिनं तर एकदा मलम आणून दिलं. त्यांनी ते नीट खिशात ठेवलं, आणि बोट पुढच्या बंदरातून निघाली तेव्हा पुन्हा हात धरला.

तर गार्डसाहेब मालगाडीचे गार्ड होते. सगळी नोकरी शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये, एकट्यानं. पुढं डब्यांची लांबच लांब रांग, तिच्या टोकाला ड्रायव्हर, आणि मागं हे. गाडी एखाद्या स्टेशनातून न थांबता गेली की प्लॅटफॉर्मवरचा माणूस हिरवी झेंडी धरायचा, हेही आपली धरायचे. म्हणजे गाडी पूर्ण आहे, सगळं ठीक आहे. दिवसभरातलं बोलणं म्हणाल तर एवढंच. ते रिटायर झाल्यावर रेल्वेनं गार्डाचं नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं. कोणी आठवण करून दिली की म्हणायचे, "म्यानेजर तं बँकेतबी असते जी. मी गार्डच बरा."

भिलाईच्या नेहरू नगरात आमची आणि त्यांची भिंत एक. त्यांची बायको वारली होती, मुलगा नागपूरला. रविवारी दुपारी जेवण आटोपलं की भिंतीपलीकडून खोकला ऐकू यायचा. त्याचा अर्थ, चहा ठेवा.

तो बोटीचा कार्यक्रम शोधून काढला आमच्या मुलीनं, प्रज्ञानं. तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. कुठल्याशा निळ्याशार समुद्रात पांढरीशुभ्र आलिशान बोट असते. श्रीमंत पाहुणे चार दिवस राहायला येतात. पण कॅमेरा असतो तो बोटीवरच्या नोकरमाणसांवर. कोण चादरी बदलतं, कोण दोर ओढतं, स्वयंपाकी कोणावर खेकसला, कोण कोणाशी बोलत नाही. आमच्या घरात तीन माणसं आहेत आणि तीही एकमेकांवर खेकसतात. तरी हे बघायला आम्ही पडदे ओढून बसायचो.

गार्डसाहेबांना बोट मनापासून आवडली, पण एक तक्रार पहिल्या दिवसापासून होती.

"ड्रायव्हर चांगला हाये," कॅप्टनला बघून ते म्हणायचे. "पण मागं कोन हाये? या गाडीले गार्डच नाई."

"आजोबा, बोट आहे ती. बोट में गार्ड नहीं होता," प्रज्ञा म्हणायची.

"मंग मागचं कोन पाहाते?"

"कोणी नाही पाहत."

"मंग बुडन एखाद दिवशी."

नोकरमाणसांना झोपायला इवलीशी खोली, एकावर एक दोन बिछाने. एकदा वरची मुलगी आणि खालची मुलगी दिवा कोणी विझवायचा यावरून भांडल्या. आमची ही खालच्या मुलीच्या बाजूनं होती, मी वरच्या. गार्डसाहेब मात्र दोघींकडे फार हेव्यानं बघत होते.

"भांडाले मानूस तं हाये," ते म्हणाले. "मले ब्रेकव्हॅनमधी भांडाले कोनी भेटलं असतं, तं मी माहा डब्बा त्याले वाटून देल्ला असता."

एकदा एक पाहुणी लाल झगा घालून बोटीच्या अगदी नाकावर ऊन खात पडली होती. गार्डसाहेब जागचे उठलेच. "उठवा त्या बाईले! लाल कपडा घेऊन इंजिनापुढं झोपली!"

आम्ही हसून हसून लोळलो. मग त्यांनी सांगितलं की भिलाई-३ ला त्यांचं क्वार्टर रुळाला लागून होतं. नवी नवरी आली, दुसऱ्याच दिवशी लग्नातला लालभडक शालू धुऊन मागच्या दोरीवर वाळत घातला. वारा सुटला, शालू फडफडला, आणि समोरून येणारी मालगाडी ब्रेक मारून उभी राहिली. ड्रायव्हर खाली उतरून क्वार्टरपर्यंत चालत आला.

"अन् मंग?" हिनं विचारलं.

"मंग काय? तिनं पदर घेतला अन् त्याले पानी देल्लं. तिले वाटलं, सासरचे कोनी पाहुने आले."

एका भागात बोट अरुंद धक्क्याला लागत होती. कॅप्टनला मागचं दिसत नव्हतं. बोटीच्या मागच्या टोकाला एक मुलगी उभी होती, वाऱ्यानं केस तोंडावर आलेले, हातात वायरलेस. धक्का किती जवळ आला ते ती सांगत होती, आणि तेवढ्या आवाजावर कॅप्टन ते धूड मागं नेत होता. गार्डसाहेबांनी बशी खाली ठेवली.

"हा! हा पाहा गार्ड!" त्यांचा आवाज बदलला होता. "पोट्टी हाये गार्ड!"

नेमक्या त्याच दुपारी प्रज्ञानं टीव्ही बंद केला आणि सांगून टाकलं. हॉटेल मॅनेजमेंट झालंच होतं. प्रवासी जहाजावर नोकरी लागली होती. खोल्यांचं काम. महिन्याभरात निघायचं होतं, आणि माझ्या होकाराशिवाय ती जाणार नव्हती.

मी नाही म्हणालो. समुद्राचा माझा अनुभव विचाराल तर बागेतल्या तळ्यात पायडल मारायच्या बदकात एकदा बसलो होतो. त्यातही मला गरगरलं आणि हिला एकटीला पायडल मारत काठावर यावं लागलं. पण बापाला अनुभव लागत नाही, आवाज लागतो. तो मी लावला.

पुढचे दोन रविवार घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. प्रज्ञाला वाटत होतं गार्डसाहेब तिच्या बाजूचे, मला वाटत होतं माझ्या. ते येत, चहा घेत, बोट बघत. शेवटी मीच तोंड उघडलं.

"गार्डसाहेब, तुमीच सांगा जी. एकुलती एक पोरगी समुद्रावर धाडाची असते का?"

"तुमी काय म्हनता?"

"मी नाईच म्हनतो."

"मंग मले कावून इचारता?" त्यांनी बशीतला चहा संपवला. मग टीव्हीकडे बघतच बोलले, "माही गाडी घराच्या मागून जाये. बायको दारात येऊन हात करे. मी नाई करो. ड्यूटीवर हात म्हनजे सिग्नल, तो उगाच हालवाचा नसते. ती रुसली. मंग तिनंच उपाय काढला. घरी सारं ठीक असलं का दोरीवर टॉवेल टाके. पांढरा, निळ्या काठाचा. लाल नाई, हिरवाबी नाई. पोराले ताप असन, सासू आजारी असन, तं दोरी रिकामी. म्या आयुष्यभर तो टॉवेल पाहून पुढं गेलो."

त्यांनी रिकामी बशी टीपॉयवर ठेवली.

"जानारा जातेच जी," ते म्हणाले. "घरच्यानं मागून 'ठीक हाये' म्हनाव. नाई म्हटलं, तं त्याचं ध्यान मागंच राहाते."

प्रज्ञा नखं कुरतडत माझ्याकडे बघत होती. लहानपणी शाळेत सोडताना फाटकातून बघायची, तशी. मी विचारलं, "थंडीचे कपडे लागतात का तिथं?" ही उठून आत गेली आणि मोठ्यानं नाक शिंकरलं. झाला माझा होकार.

गार्डसाहेबांनी प्रज्ञाला एवढंच विचारलं, "तुले मागच्या टोकाले उभं राहाले भेटन का?"

"नाही आजोबा, चादरी बदलायला भेटेल."

"तेबी ड्यूटीच हाये," ते म्हणाले, पण थोडे हिरमुसले.

तिला सोडायला आम्ही दुर्ग स्टेशनला गेलो. गार्डसाहेब इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट घालून आले, आणि खांद्यावर टॉवेल. मला वाटलं, म्हातारा आंघोळीवरून उठून तसाच आला. ते त्यांना हळूच सांगायला म्हणून मी पुढं झालोसुद्धा. हिनं माझी बाही ओढली.

गाडी हलली. मी दोन्ही हात हलवत होतो, ही हलवत होती, अख्खा प्लॅटफॉर्म हलवत होता. गार्डसाहेब हात पाठीमागं घट्ट बांधून ताठ उभे होते. प्लॅटफॉर्मवर हात ज्याची ड्यूटी त्यानंच करायचा. खिडकीतून प्रज्ञानं आमच्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. खांद्यावरचा निळा काठ तिला दिसला असावा, कारण तोवर आवरून धरलेलं रडू तिला तिथंच फुटलं.

त्यानंतरही ते रविवारी येत राहिले. पण बोट लावायला सांगत नसत. "पोट्टी आल्यावर पाहू," म्हणायचे. चहा व्हायचा, थोडा वेळ बसायचे, जायचे. पावसाळा सरता सरता एका रविवारी पलीकडून खोकला आला नाही. हिनं चहा तरीही ठेवला होता.

मुलगा नागपूरहून आला, सगळं रीतसर केलं, सामान घेऊन गेला. जाताना म्हणाला, "काका, काही लागत असलं तं ठेवून घ्या." मी तो टॉवेल मागितला. त्याला नवल वाटलं. काठ पार विटला होता, मधे एक भोकही होतं.

प्रज्ञाला मी लगेच कळवलं नव्हतं. तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा सांगितलं. ती कामाच्या कपड्यातच होती, मागं कठडा आणि त्यापलीकडे पाणी. खूप वेळ तिनं तोंड फिरवून घेतलं. मग म्हणाली, "पापा, घर में सब ठीक है ना? सच बोलो."

मी फोन घेऊन मागच्या अंगणात गेलो आणि दोरीपुढं धरला. वारा होता. टॉवेल चांगला फडफडत होता.

पडद्यावर तिनं उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा, सरळ धरला. न हलवता. तिचं जहाज कुठल्याशा बंदरातून निघत होतं.

मी काही प्लॅटफॉर्मवर नव्हतो, आपल्या अंगणात होतो. मीही धरला.