तलासरीच्या पाड्यावर, थ्री फेजच्या मागे

डहाणूला नव्या अणुभट्ट्यांवरच्या सभेत मी बोलले. समुद्रकाठच्या अणुवीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये मी अठ्ठावीस वर्षं काढली. त्यामुळे देशभर वीज पोचवायची तर भट्ट्या का वाढवायला हव्यात, हे मला कागद न बघता सांगता येतं. भाषण संपल्यावर मागच्या रांगेतली एक बाई उठली.

"मी कमल धोदडे, तलासरीकडची. तुमची वीज आमच्या शेतावरून जाते, मॅडम. खाली काय आहे ते बघितलंय कधी?"

नव्हतं बघितलं. तिचा नंबर घेतला आणि पुढच्या गुरुवारी बोईसरहून निघाले.

तुम्ही जाणार असाल तर सकाळी लवकर डहाणू रोडला उतरा. स्टेशनबाहेर चारोटीच्या शेअर रिक्षा भरतात. तिघांच्या सीटवर चौघं बसायची तयारी ठेवा. रानशेतला चहा झाला. चारोटीला हायवे लागला, तिथून एसटीने तलासरी. हायवेवर ट्रकांची रांग हलत नव्हती, म्हणून तासभर जास्तीचा धरा. शनिवार-रविवारी जाऊ नका, सरकारी ऑफिसं बंद असतात. आणि माझी सहल शेवटी ऑफिसातच गेली.

कमलताई स्टँडवर घ्यायला आली होती. पाडा तिथून वीस मिनिटांवर. तिच्या भातशेतीच्या कडेला मोठ्या लाईनचा टॉवर उभा होता, खाली उभं राहिलं की तारांची गुणगुण ऐकू येत होती. घरात मीटर होता, दिवा होता. पण संध्याकाळी पाड्यातले सगळे दिवे लागले तसा तो पिवळा पडला आणि पंखा थांबत आला. ओसरीवर गोणपाटाखाली नवी गिरणी होती, तिच्या बचतगटातल्या बायकांनी मिळून घेतलेली. गिरणीच्या मोटरला थ्री फेज कनेक्शन हवं, घरातल्या साध्या लाईनवर ती चालत नाही. तोवर दळण डोक्यावर घेऊन बायका चार किलोमीटर चालत होत्या.

"तीन अर्ज केले," तांदळाची भाकरी आणि बोंबलाची चटणी वाढत ती म्हणाली. "दर वेळी सांगतात, बघू."

"उद्या मी येते. माझं ऐकतील," मी म्हटलं. तिने अर्जांच्या प्रती पिशवीत भरून ठेवल्या.

सकाळी वीज कार्यालयात मी आधी माझी ओळख सांगितली. तरुण इंजिनिअरने खुर्ची दिली, चहा मागवला, भट्ट्यांबद्दल विचारायला लागला. मीही रंगात आले. दहा मिनिटांनी कमलताई उभ्याउभ्याच म्हणाली, "साहेब, मॅडमची ओळख झाली. आता माझा अर्ज काढा."

मला लाज वाटली. मी उठून खुर्ची तिच्याकडे सरकवली.

त्याने फाईल काढली. पाड्याची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, पूर्ण लोडवर होती. नवी मंजूर होती, पण पोल एका आंबावाडीतून न्यायचे होते आणि वाडीवाल्याची संमती नव्हती.

"हे मला कुणी सांगितलंच नाही," कमलताई म्हणाली. तिने वाडीवाल्याचं नाव विचारलं, तो तिच्याच शेताचा शेजारी निघाला. बाहेर येताच तिने रिक्षा थांबवली.

वाडीवाले रमणभाई सत्तरीचे, बोलणं निम्मं गुजराती. मी कोण ते कळल्यावर म्हणाले, "बेन, मोठी लाईन आली तेव्हा माझी अकरा झाडं कापली. आता तुम्ही अजून भट्ट्या बांधणार. म्हणजे अजून टॉवर?"

खोटं बोलता आलं असतं. "हो, अजून टॉवर येतील," मी म्हटलं. "वीज वाढली की तारा वाढणारच. आणि तुमची झाडं गेली ते कुठल्याच सभेत मी बोलले नाही."

ते झाडांकडे बघत राहिले. मग कमलताई म्हणाली, "काका, वाडीत नको. आपल्या दोघांच्या सामायिक बांधावरून नेऊ दे. पोल माझ्या बाजूला रोवू दे."

"तुझं भात जाईल ना."

"दोन ओळी जातील. मी लावल्यात, मला माहीत आहे."

रमणभाईंनी बांध चालून बघितला. आम्ही मागून चाललो. टोकाला पोचल्यावर ते म्हणाले, "फांदी एक पण तोडायची नाही. तसं लिहून आणा, सही देतो."

आम्ही तसेच ऑफिसात परतलो. इंजिनिअरने बदललेला मार्ग कागदावर काढला आणि फांदीची अट त्याखाली कमलताईने स्वतः लिहिली. ऑफिस बंद व्हायच्या आत तिने त्यावर रमणभाईंची सही आणून दिली.

घरी येऊन दोन महिने झाले. भट्ट्या हव्यात, हे माझं मत बदललेलं नाही. मात्र आता सभेत कंट्रोल रूमबद्दल कमी बोलते, डीपी आणि बांधाबद्दल जास्त. काही आयोजकांना ते आवडत नाही. पुन्हा बोलावलं नाही तर मी स्वतःहून जाणार आहे.

काल कमलताईचा फोन आला. पोल उभे राहिलेत, तार ओढायची बाकी आहे. "सोमवारी ऑफिसात जाऊन बसते. तार ओढायला माणसं निघाल्याशिवाय उठणार नाही," ती म्हणाली.

मी सोमवारची सकाळची गाडी बघून ठेवली आहे.