पूड हलेल

आमच्या ठाकुरद्वारच्या चाळीतले एक शेजारी पितळी गाळण्यात कॉफीची पूड वाटीच्या बुडाने दाबून बसवायचे आणि वरून झाऱ्यातून गरम पाणी सोडायचे, सगळीकडे सारखं. तेवढ्यात कुणी पाऊल आपटलं की म्हणायचे, "हळू. पूड हलेल." मला वैताग यायचा.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर अश्रुधूर सुटला तेव्हा मी पळत येऊन त्यांच्याच खाटेखाली शिरलो. मागोमाग हवालदार दारात हजर. "आत कोण शिरलंय?" शेजाऱ्यांनी पाणी सोडता सोडता त्यालाही तेच सांगितलं. तो वरमला. चपला काढून हळूच आत आला आणि गाळण्यावर वाकून बघत राहिला.

धुराने मला सणसणीत शिंक आली. मागे वळूनही न बघता हवालदार म्हणाला, "हळू. पूड हलेल."