लाइन बंद होती तोवर

खारू काम अर्धवट टाकून पळणार नाही, ही एकच भीती आईच्या मनातून जात नव्हती. लेक घाबरत नाही याचं लोकांना कौतुक होतं. आईला धडकी भरायची.

लहानपणी दिसेल तिथे चढायची म्हणून तिचं नाव खारू पडलं. पुढे ती वीजखात्यात लाइनमन झाली. बाई असली तरी कागदावर लाइनमनच. स्थळ आलं की विचारायची, "मुलाला खांबावर चढता येतं का?" तेवढ्यावर बोलणी आटपायची.

महिन्यापूर्वी सीमेपलीकडून आलेल्या बंदूकवाल्यांनी गावात कागद चिकटवले होते : सरकारच्या तारा जोडेल, तो सरकारचा माणूस. तेव्हापासून लष्कराचे गोळे तिकडे जात, त्यांचे इकडे येत, आणि तुटलेल्या तारा खारू जोडत असे.

तिच्या कामाची रीत आईला पाठ होती. चढण्याआधी सबस्टेशनला सांगून लाइन बंद करायची. काम संपवून सगळे उतरले, की जिने बंद करायला लावली तिनेच स्वतःच्या तोंडाने 'सोडा' म्हणायचं. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर वीज सोडत नाहीत. मग लगेच आईला मिस्ड कॉल. आईने मात्र आपणहून फोन करायचा नाही.

आज सकाळी खारूची जीप टेकडीकडे गेली आणि तासाभरात तिकडेच गोळीबार सुरू झाला. दुपार झाली तरी वीज नव्हती.

"वहिनी, लेकीला सांगा," शेजारचे शिंपीकाका दारातून म्हणाले, "माझं मशीन सकाळपासून उपाशी बसलंय."

"पाय आहेत ना? चालवा पायाने," आई तुटकपणे म्हणाली.

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा फिरला.

"आली! शाब्बास गं खारू!" काका दुकानाकडे पळालेसुद्धा.

आई फोनकडे बघत राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. फोन गप्प. विसरली असेल? नोकरीच्या चार वर्षांत एकदाही विसरली नव्हती. कालच जेवताना म्हणाली होती, "इस्पितळात जखमी वाढले की साहेब सबस्टेशनच्या ऑपरेटरच्या डोक्यावर बसतात, लाइन सोडा, लाइन सोडा." खारू वर तारेपाशी अडकली असताना खालून भलत्यानेच 'सोडा' म्हटलं असेल तर?

तिने लेकीच्या नावावर बोट नेलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. पोरगी कुठे दडून बसली असेल, आणि घंटी बंदूकवाल्यांनी ऐकली तर?

सबस्टेशनचा नंबर कॅलेंडरवर खारूच्याच अक्षरात होता. आईने तो कधी फिरवला नव्हता. खात्यात लेकीची टिंगल होईल, 'आईने हजेरी घेतली' म्हणून. होऊ दे. विचारायचं एवढंच होतं : 'सोडा' कोण म्हणालं? आवाज तिचाच होता का?

नीट ऐकू यावं म्हणून तिने पंखा बंद केला आणि नंबर लावला.