त्या वर्षी कोणीच जिंकलं नाही

खारकीवला डॉक्टरकी शिकायला गेले तेव्हा फुटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं. बल्लारपूरला आमच्या गल्लीत पोरं क्रिकेट खेळायची, तेही मी कधी थांबून पाहिलं नव्हतं.

तिथे ज्या म्हातारीच्या घरात मी खोली घेतली होती, तिने आयुष्यभर ट्राम चालवली होती. नवरा गेल्यापासून ती एकटीच राहायची. शहराचा संघ देशाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये होता आणि त्याचा घरच्या मैदानावरचा एकही सामना ती चुकवत नसे. एका शनिवारी मी खोलीत रडत बसलेली तिला दिसले. काय झालं, असं तिने विचारलं नाही. नवऱ्याचा जाड कोट माझ्या अंगावर टाकला आणि म्हणाली, "चल. तिथे रडलं तरी कोणी बघत नाही."

मग मी दर वेळी जायला लागले. ऑफसाइडचा नियम तिने मला जेवणाच्या टेबलावर कप आणि मिठाची डबी मांडून शिकवला. माझी भाषा मोडकीतोडकी होती, पण रेफ्रीला द्यायच्या शिव्या मी अगदी तिच्यासारख्या द्यायचे.

हिवाळ्यात बर्फामुळे लीग थांबायची. त्या वर्षी ती फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा सुरू होणार होती. त्याच्या आदल्या पहाटे बॉम्ब पडायला लागले.

आम्ही इमारतीच्या तळघरात शेजाऱ्यांबरोबर राहिलो. कॉलेजची भारतीय मुलं देश सोडायला स्टेशनवर निघाली तेव्हा मी तिला म्हटलं, "तुम्हीपण चला."

"तुझी आई वाट बघतेय," ती म्हणाली. "माझी तिकडे कोण वाट बघतंय? माझं घर इथेच आहे."

जिन्याच्या दारापर्यंत आली, माझ्या पिशवीत पाव कोंबला आणि वळून आत गेली.

बल्लारपूरला घर माणसांनी भरून गेलं. सगळे बॉम्बचंच विचारत. म्हातारीबद्दल सांगावं असं मला वाटायचं, पण तिच्याबद्दल कोणी विचारत नव्हतं. तिचा फोन लागत नव्हता.

पुढे उन्हाळ्यात एका संध्याकाळी मोबाइलवर वाचलं की त्या वर्षीची लीग अर्ध्यावरच संपवली. मी बाबांना सांगितलं.

"मंग जिंकलं कोन?" बाबांनी विचारलं.

"कोनीच नाई. जिथी होतं तिथीच थांबवलं."

"असं कसं वं? इतक्या मॅची झाल्या न?"

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "थे खेळनारे पोरं बरे हायेत का, थे तं पाह्य आधी."

मला ते माहीत नव्हतं. मी उठून गच्चीवर गेले.

बऱ्याच दिवसांनी म्हातारीचाच फोन आला. ती पश्चिमेकडच्या एका खेड्यात भाचीकडे होती. लीगचं तिला माहीत होतं. "पुढच्या मोसमात पुन्हा खेळणार म्हणे," मी म्हटलं.

"तू बघ," ती म्हणाली. "माझ्याने आता बघवत नाही."

हळूहळू तिचे फोन कमी झाले. मग तो नंबरच बंद झाला. भाचीचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.

उरलेलं शिक्षण मी घरी बसून ऑनलाइन पूर्ण केलं, परीक्षा दिल्या. आता पोंभुर्ण्याकडे एका दवाखान्यात आहे आणि क्वार्टरमध्ये एकटीच राहते. लीग पुन्हा सुरू झाली आहे. तिथल्या दुपारचा सामना आपल्याकडे दिवेलागणीला दिसतो.

परवा खेळ चालू असतानाच हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. खेळाडू धावत आत गेले. कॅमेरा तसाच चालू राहिला. हिरवं मैदान, रिकाम्या खुर्च्या. मी मोबाइल हातात धरून ते मैदान बघत बसले. बाहेर अंधार पडला.

खेळाडू परत येताना दिसले आणि तेवढ्यात नेट गेलं. सामना बरोबरीत सुटल्याचं मला दुसऱ्या दिवशी ओपीडीत कळलं. पुढच्या पेशंटला मी आत बोलावलं.