पडद्यावर फिरणारा गिअरबॉक्स

गेल्या मंगळवारी सकाळी अकराला, इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेत, आमच्या वर्गातल्या रेश्माला नापास केलं. तिने मोफत, खुल्या सॉफ्टवेअरमध्ये गिअरबॉक्स उभा करून पडद्यावर फिरता ठेवला होता. परीक्षकांनी तिकडे मान वळवूनही पाहिलं नाही. "फुकटचं कशाला, बाई? बाकीच्यांसारखं भारीतलं वापरायचं की!"

बाकीचे म्हणजे आम्ही. आमचं भारीतलं सॉफ्टवेअर चोरीचं होतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. आम्ही पास झालो. पडद्यावर दात्यांत दाते अडकत होते, एक चाक दुसऱ्याला ढकलत होतं. आपलंही असंच, एकाची चोरी दुसऱ्याच्या चोरीला पुढे ढकलते. हे थांबेल असं मला वाटत नाही. मी माझ्याकडची सॉफ्टवेअरची चोरीची कॉपी पुसली, म्हणून रेश्मा काही पास झाली नाही. तरीही तुमच्याकडची चोरीची कॉपी आज पुसा.