दोनशे अकरा दिवस

सारसोळ्यात मी 'सेफ्टीचा कोर्स करणार' म्हटलं, तेव्हा आठवड्याभरात गावभर झालं की मी वॉचमन होणार. एका काकीनं तर रस्त्यात थांबवून विचारलं, "बी.एस्सी. होऊन गेटवर उभी रानार काय गं?" सेफ्टी आणि सिक्युरिटी यांतला फरक मी तिला नीट समजावून सांगितला. तिनं मान डोलवली आणि पुढच्या घरी जाऊन पुन्हा वॉचमनच सांगितलं. मी चिडले. तेव्हा मी फार पटकन चिडायची.

ती नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. महाप्याच्या एका कंपनीत, प्रयोगशाळेत, मला दोन वर्षं झाली होती. नमुने तपासून कंटाळले होते. कारखान्यात माणसांना इजा होऊ नये म्हणून काय करायचं, याचं शिक्षण मिळतं आणि त्यावर नोकरीही मिळते, हे तिथंच कळलं. आता प्रश्न होता कॉलेजचा. एक खासगी संस्था बेलापूरला, संध्याकाळचे वर्ग; म्हणजे नोकरी सोडायची गरज नाही. दुसरी सरकारी, खाडीपलीकडे मुंबईत, वर्षभर पूर्ण वेळ. तिथलं प्रमाणपत्र कुठलाही कारखाना डोळे झाकून मानायचा. बेलापूरच्या प्रमाणपत्राबद्दल प्रत्येक जण वेगळं सांगत होता. चुकले असते तर नोकरी तरी जाणार होती, नाहीतर वर्ष फुकट जाणार होतं.

बाबा म्हणाले, "दोन्ही बगू." ते तळोज्याला एका रसायनांच्या कंपनीत ऑपरेटर होते. त्यांनी त्या दिवसाची रजा टाकली आणि इस्त्रीचा, लांब बाह्यांचा शर्ट घातला.

बेलापूरला काचेचा दरवाजा, आत सोफा. गुळगुळीत कागदाच्या माहितीपुस्तकात हेल्मेट घातलेले गोरेगोरे लोक हसत होते. टेबलापलीकडच्या बाईंनी थंड पाणी दिलं आणि "अंकल, टेन्शनच घेऊ नका," म्हणाल्या. बाबा सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते, पण खूश दिसत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "हितंच घे. नोकरी सुटत नाय." माझंही मन तेच सांगत होतं. खाडीपलीकडे आम्ही गेलो ते निव्वळ बघितलं असं म्हणायला.

तिथं सोफा नव्हता. भिंतींचा रंग उडालेला, लाकडी बाकं, आणि एका खोलीत फळ्यांवर मोडक्या वस्तू मांडलेल्या: दोन तुकडे झालेलं हेल्मेट, तुटलेली साखळी, भोक पडलेला बूट. प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी, काय झालं आणि कशामुळे झालं याची. बाबा प्रत्येक चिठ्ठीसमोर थांबत होते. उकडत होतं म्हणून त्यांनी बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या.

शिकवणारे सर साठीकडे झुकलेले होते. मी त्यांना नोकरीचं विचारत होते आणि ते माझ्याशी बोलता बोलता बाबांच्या उजव्या हाताकडे बघत होते. मनगटापासून कोपरापर्यंत बाबांची कातडी आकसलेली होती.

"हे कुठं झालं?" त्यांनी विचारलं.

"घरी. पेज सांडली," बाबा म्हणाले.

आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी आई भाताची पेज गाळत होती, टोप कलंडला आणि बाबांचा हात भाजला. आईच्या नणंदांनी त्यावरून तिला किती टोमणे मारले असतील! मीही कमी नव्हते. ती चुलीवरून काही उतरवायला लागली की मी म्हणायची, "आता बघून हां, अजून एक हात शिल्लक आहे." ती टोप उतरवून पुढच्या कामाला लागायची.

सर बाबांना खोटं पाडायला गेले नाहीत. नुसतं मला म्हणाले, "पेज ओघळते. हे बघा, इथं मनगटाशी सरळ रेघ आहे. पंजा स्वच्छ. हातमोजा इथपर्यंत होता." मग बाबांकडे वळून अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "गेटवरच्या फळ्यावर तेव्हा किती दिवस झाले होते?"

"दोनशे अकरा," बाबा म्हणाले. हजेरीला ओ द्यावी तसे. आणि मग खाली बघू लागले.

तो फळा मला माहीत होता. तळोज्याला बहुतेक कंपन्यांच्या गेटवर तसा असायचा: 'अपघाताविना झालेले दिवस', आणि पुढे आकडा. कुणाला लागलं की आकडा पुन्हा शून्यावर. बाबांच्या कंपनीत अडीचशे दिवस झाले की प्रत्येक कामगाराला थर्मास मिळणार होता. आणि तो मिळाला होता; म्हणजे बाबांच्या हातासाठी आकडा शून्यावर आलाच नव्हता. त्याच थर्मासातून मी वर्षभर कॉलेजात चहा नेला होता. मला त्या बाकावर बसवेना. लाज वाटली, आणि बाबांचा रागही आला.

बस खाडी ओलांडत असताना बाबांनी दुमडलेल्या बाह्या खाली ओढून बटणं लावली. मग म्हणाले, "बाय, तू या मास्तरांकडंच शिक. नोकरी सुटली तर सुटली."

घरी आई मासळी साफ करत होती. मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं, "तू का नाही सांगितलंस?"

तिनं बाबांकडे बघितलं, काय ते समजली. म्हणाली, "सगल्या खात्याचा थर्मास याच्यामुलं गेला असता, तर याच्याशी तितं कोनी बोलला नसता. मना काय, घरातल्या घरात बोलनार. तुमी बोललात, मी आयकला."

मी तिला जे जे बोलले होते ते सगळं एकदम आठवलं. माफी मागायची पद्धत आमच्या घरात नव्हती. मी तिच्या पुढ्यातली विळी ओढून घेतली आणि उरलेली मासळी वेडीवाकडी साफ केली. दुसऱ्या दिवशी खाडीपलीकडचा अर्ज भरला आणि महाप्याला राजीनामा दिला.

वर्षानंतर मला एका कारखान्यात नोकरी लागली. तिसऱ्याच महिन्यात एका कामगाराची बोटं यंत्राच्या पट्ट्यात चेंगरली. मॅनेजर म्हणाले, घरी लागलं म्हणून लिहू, त्या कामगाराचीही तयारी आहे. मी नाही म्हटलं. बरीच वादावादी झाली. शेवटी मी स्वतः गेटवर गेले आणि फळ्यावरचा आकडा पुसून शून्य लिहिलं.

संध्याकाळी मोठ्या तोऱ्यात मी ते घरी सांगितलं. शून्य कसं लिहिलं, मॅनेजरचं तोंड कसं झालं, सगळं. बाबा ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "आनि त्याची बोटं?"

मला ते माहीत नव्हतं. मी दवाखान्यात गेलेच नव्हते.